केशरी कागद, पांढरा कागद

विसरवाडीला हायवे सोडून डोंगराच्या अंगाला वळलं की भातखाचरांच्या पलीकडे एक गाव लागतं. घरं उतारावर पांगलेली, कुडाच्या भिंती शेणामातीनं सारवलेल्या, आणि दर दोन घरांमागं बांबूचं एक बेट. धनीबाईचं घर याच गावात, वरच्या आळीला. तोंडानं फटकळ, मनानं हळवी आणि या दोन्ही गोष्टी मान्य न करणारी अशी ही बाई. साठी उलटली तरी कुणी म्हातारी म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण हातात बांबूची कामटी आली की तिचं तोंड आपोआप बंद व्हायचं. एक तर काम बारीक, आणि दुसरं म्हणजे सुतळीचं टोक दातात धरायला लागायचं.

कामटी म्हणजे बांबू उभा चिरून काढलेली पातळ पट्टी. धनीबाई लहानपणी दोन वर्षं आश्रमशाळेत होती. तिथल्या एका बाईंनी पोरींना कामट्यांची चांदणी बांधायला शिकवली होती. पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून टोकं आवळायची आणि मधे आखूड काड्या अडकवायच्या, की चांदणी पोट फुगवून बसते. वरून पतंगाचा कागद चिकटवला की झाला कंदील. धनीबाई पुढं लिहिणं-वाचणं विसरली, चांदणी विसरली नाही. लग्न होऊन या गावात आली तेव्हा इथं दिवाळीला दारात पणत्या लागायच्या, कंदील कुणाकडे नव्हता. पहिल्या दिवाळीला हिनं केशरी कागदाची चांदणी टांगली, तेव्हा सासू म्हणाली होती, "घराला आग लागलीय असं वाटतंय लांबून." तरी सासूच रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून ती बघायची.

कामट्या काढण्याचं काम तिच्या नवऱ्याचं, चिंधाचं. माणूस मितभाषी. लग्न झाल्यापासून तो बायकोशी जेवढे शब्द बोलला असेल, तेवढे धनीबाई एका दुपारी बोलून मोकळी व्हायची. पण त्याच्या कोयत्याला डोळे होते म्हणायचे. पाऊस सरता सरता, अंधाऱ्या पाखात तो बांबू तोडायचा, कारण चांदण्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते अशी त्याची खात्री होती. मग कामट्या चिरून, तासून, चुलीवरच्या धुराला टांगून ठेवायचा. धूर खाल्लेल्या कामट्या मधाच्या रंगाच्या होतात आणि वाकवल्या तरी मोडत नाहीत.

धनीबाईची धाकटी बहीण मोती. तिनं याच गावातल्या, खालच्या आळीच्या दानियलशी लग्न केलं. दानियलचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. लग्नात मोतीची रिबेका झाली. तेव्हा थोडी धुसफूस झाली, एकदोन नातेवाईक रुसून जेवायला आले नाहीत. पण पुढच्याच पावसाळ्यात भाताच्या लावणीला सगळे एका ओळीत वाकले आणि ते विषय चिखलात गेले. धनीबाई मात्र बहिणीला आजही मोतीच म्हणते. रिबेका म्हणायला तिच्या जिभेला जड जात नाही, पण तिला ते जड जातं असं दाखवायला आवडतं.

दानियल गवंडी. हसरा, बडबड्या, कधी नवापूरला कामावर तर कधी नंदुरबारला. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला त्यानं स्वतःच्या हातानं एक तारा करून घरावर लावला. धनीबाई मुद्दाम बघायला गेली.

"हा तारा आहे का चेंगरलेला खेकडा?" तिनं विचारलं.

दानियल हसला. डोंगरातल्या बोलण्यात अहोजाहोचा थाट नसतो, त्यामुळे तो सरळ म्हणाला, "मग बाई, तुझा कंदील रिकामाच पडलाय ना? दिवाळी झाली, आता त्याचं काय काम? सांगाडा इकडे दे."

अशी ती रीत पडली. दर वर्षी एकच सांगाडा आणि दोन सण. दिवाळीला तो केशरी कागद लेवून वरच्या आळीला लागायचा. भात कापून, झोडून घरात आला की त्याचा केशरी कागद उतरायचा, पांढरा चढायचा, आणि नाताळाला तोच खालच्या आळीला उंच बांबूवर. वर्ष बदललं की काढून ठेवायचा आणि होळी आली की होळीत टाकायचा. पुढच्या वर्षी नवा.

यात मोतीच्या वाट्याला कागद. तिचा हात फार नाजूक. गव्हाच्या पिठाची खळ ती बोटानं अशी लावायची की कागदाला सुरकुती पडत नसे. पण त्याआधी जुना कागद सोलणं आलं, आणि खरी गंमत त्या सोलण्यात होती. ओल्या फडक्यानं केशरी कागद भिजवायचा, थांबायचं, मग नखानं कडेपासून उचलायचा. घाई केली की गाठ सैल होते, चांदणी पाय पसरते. एक दिवस ठरवून मोती वाटीत खळ घेऊन वर यायची. दोघी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसायच्या आणि सगळी दुपार सोलत राहायच्या. कुणाची सून कशी, कुणाचा मुलगा ऊसतोडीला गुजरातेत गेला, आईच्या नागलीच्या भाकरीला काय चव होती, लहानपणी ओढ्यात कुणी कुणाला ढकललं होतं. वर्षभर दोघी शेतात, मजुरीत, चुलीपुढं खपायच्या. बहीण बहिणीला मिळायची ती त्या एका दुपारी. दोघींची बोटं केशरी व्हायची आणि तो रंग आठवडाभर जायचा नाही.

"अगं, दिवाळी झाल्या झाल्याच कागद का काढत नाहीस? सुकलेला कागद सोलायला वेळ लागतो," एकदा एका शेजारणीनं धनीबाईला विचारलं होतं.

"तुला काय करायचंय?" धनीबाई म्हणाली. दुसरं उत्तर तिच्याकडे नव्हतं असं नाही.

चिंधा गेला तो दिवाळीच्या तोंडावर. पोटात कळ आली, गाडीत घालून नवापूरला न्यायला निघाले, आणि वाटेतच त्यानं मान टाकली. जातानाही काही बोलला नाही. मोती त्या दिवसांत बहिणीजवळून हलली नाही. तिनं चूल सांभाळली, आल्यागेल्याचं केलं, रात्री धनीबाईच्या शेजारी पडून राहिली. मग भात कापणीला आला तशी ती आपल्या घरी गेली. त्या दिवाळीला धनीबाईच्या दारात काही लागलं नाही. दुःखाच्या घरात कंदील कोण लावतो?

पण चुलीवर चिंधानं टांगलेल्या कामट्या तशाच होत्या. मरायच्या आधी, अंधाऱ्या पाखातच त्यानं त्या काढून ठेवल्या होत्या. धनीबाई स्वयंपाक करताना मान वर करायची आणि परत खाली घालायची. एक दिवस तिनं त्या उतरवल्या. हाताला काहीतरी हवं होतं. रोज थोडं थोडं करत तिनं चांदणी बांधली. आजवर बांधली नव्हती इतकी रेखीव, गाठीला गाठ. ती तिच्या दाराला लागणार नव्हतीच. ती मोतीची होती. दुःख वरच्या आळीला आहे, नाताळ खालच्या आळीला येणारच, असा तिचा साधा हिशेब. सांगाडा खुंटीला अडकवून ती वाट बघत बसली. निरोप पाठवला नाही. निरोप कशाला पाठवायचा? मोती आजवर आपणहून यायची, यंदाही खळ घेऊन येईल.

मोती आली नाही. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी धनीबाई अंगणात आली तर खालच्या आळीला दानियलच्या घरावर काहीतरी लुकलुकत होतं. लाल, मग हिरवं, मग निळं. दानियलनं नंदुरबारच्या बाजारातून आणलेला प्लास्टिकचा तारा. कानामागून आला आणि तिखट झाला.

धनीबाई बराच वेळ तिथंच उभी होती. आपला नवरा गेला, आणि बहिणीच्या घरावर रंगांचा नाच चाललाय. तिला आपली गरज नाही, आपल्या हाताची नाही, त्या एका दुपारचीही नाही. ती आत आली, खुंटीवरचा सांगाडा काढला, गुडघ्यावर मोडला आणि चुलीत घातला. धूर खाल्लेल्या कामट्या, चटकन पेटल्या. त्यावर तिनं चहा ठेवला आणि प्यायली.

सकाळी चुलीतली राख काढताना तिच्या हाताला एक अर्धवट जळलेली काडी लागली. मधाच्या रंगाची. तेव्हा तिला कळलं की चिंधाच्या हातचं या घरात जे शेवटचं काही होतं, ते आपण चहापाण्याला जाळलं. तिनं तोंडात पदर कोंबला. सून आशा बाहेर झाडत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि माणसाचा स्वभाव बघा, हा रागही तिनं मोतीच्याच नावावर मांडला.

पुढच्या वर्षी भात झोडून झाल्यावर दानियल वर आला. ओट्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, यंदा सांगाडा केला नाहीस? तो विकतचा तारा काही खरा नाही. तुझ्या हातचा दे."

"लुकलुकणारा आहे ना तुमच्याकडे? माझ्या बांबूला दिवे फुटत नाहीत."

दानियलचा चेहरा उतरला. "गेल्या वर्षीचं मनात धरलंस होय? अगं, मोती म्हणाली, बाईच्या घरी दुःख आहे, अशात चांदणी कुठल्या तोंडानं मागायची? म्हणून मी बाजारातून आणला. पोरं, पाहुणे होते घरी, म्हणून लावला. तुला वाईट वाटू नये म्हणूनच मागितलं नाही."

"दुःख माझं आणि बहाणा तिचा," धनीबाई म्हणाली. "यायचं असतं तर आली असती. बहिणीला बहिणीच्या दारात यायला तोंड लागतं का?"

दानियल थोडा वेळ बसून राहिला. ऊन होतं, तो चढ चढून आला होता. धनीबाईनं त्याला पाणी विचारलं नाही. या गावात दारात आलेल्या वाटसरूलाही आधी तांब्या पुढं करतात, मग गाव विचारतात. दानियलनं टोपी डोक्यावर घातली, "येतो बाई," म्हणाला आणि उतरून गेला. परत कधी आला नाही.

मोतीही आली नाही. धनीबाईही गेली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? बाजारात समोर आल्या तर दोघी भाजीच्या टोपलीत बघायच्या. लग्नाकार्यात एकीनं पंगतीचं हे टोक धरलं तर दुसरी ते टोक धरायची. सहा-सात वर्षं अशी गेली. धनीबाईनं चांदणी बांधणं सोडलं. दिवाळीला आशा नवापूरहून तयार कंदील आणायला लागली, प्लास्टिकचा, घडी उलगडली की तयार. धनीबाईनं त्याला नावं ठेवली नाहीत. कोणत्या तोंडानं ठेवणार? बहिणीला ज्यासाठी तोडलं तेच आता आपल्या दाराला लोंबत होतं.

दर नाताळाला मात्र ती अंगणात येऊन खाली बघायची. तो तारा पहिलं वर्ष लुकलुकला, दुसऱ्या वर्षी त्याचा हिरवा रंग गेला, आणि पुढं तर तो पेटायचाच बंद झाला. नुसताच बांबूवर टांगलेला दिसायचा. "चांगली खोड मोडली," असं तिनं मनात म्हटलं. म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात दानियल गेला. बांधकामाच्या परांचीवर काम करता करता छातीवर हात ठेवून खाली बसला तो उठला नाही. धनीबाई गेली. सगळं गाव होतं, गुजरातेतले पाहुणे होते, पास्टर प्रार्थना करत होते. मोती बायकांच्या गराड्यात मधे कुठंतरी होती, तिचा फक्त पदर दिसला. धनीबाईनं रांगेत उभं राहून मूठभर माती टाकली. माती ओली होती, हाताला चिकटून राहिली. त्या क्षणी तिला आठवला तो टोपी मांडीवर ठेवून बसलेला माणूस आणि न दिलेला पाण्याचा तांब्या. आता या चुकीची माफी मागायला माणूसच नव्हता. ती हात न धुता घरी आली.

मग भात कापला, झोडला, घरात आला. एका सकाळी आशा चुलीशी बसून म्हणाली, "आई, रिबेका मावशी चालली म्हणे. विनोद नेतोय तिला बारडोलीला." विनोद हा मोतीचा मुलगा, तिकडे कारखान्यात कामाला. "नाताळ इथंच करणार, मग वर्ष बदललं की निघणार. घराला कुलूप लावणार."

धनीबाई उठली, कोयता घेतला आणि मागच्या बेटात गेली. अंधारा पाख आहे की उजेडाचा, हे तिनं बघितलं नाही. कीड लागेपर्यंत ही चांदणी टिकायला कुठं हवी होती? पण बांबू चिरणं हे काही तिचं काम नव्हे. जन्मभर तिच्या हातात तयार कामटी आली होती. कोयता एकदा इकडे पळायचा, एकदा तिकडे. कामट्या निघाल्या त्या कुठं जाड, कुठं पातळ, कडा चरचरीत. अंगठा दोनदा कापला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

कागदासाठी ती विसरवाडीला गेली. बस स्टँडसमोरच्या दुकानात दोऱ्या, फुगे, प्लास्टिकचे तारे झिरमिळ्यांसारखे लटकत होते. दुकानदार पोरगेला होता, मैदानी भागातला, अहिराणी बोलणारा.

"पतंगना कागद? आते तो कोन लेस, मावशी?" तो म्हणाला. "हाई दखा, तयार तारा शे. बटन दाबं की पेटस."

"मला पांढरा कागद दे."

"आनि केशरी? दिवाईना उरेल शे थोडा."

धनीबाईचा हात थांबला. केशरी घेऊन काय करायचं? दिवाळी तर होऊन गेली. "नको," ती म्हणाली. "पांढराच."

चांदणी बांधून झाली. एक पाय थोडा आखूड, पोट एका बाजूला जास्त फुगलेलं. दानियलच्या पहिल्या खेकड्याची ती सख्खी बहीणच झाली होती. ती घेऊन धनीबाई दुपारी खालच्या आळीला निघाली. मोतीच्या कुंपणाशी पोचली तर मोती दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. डोक्यावरून पदर, मान खाली, आजूबाजूला कुणी नाही. घराला काही लावलेलं नव्हतं. तो मेलेला प्लास्टिकचा ताराही नव्हता. भिंतीला टेकून दानियलची गवंडीकामाची हत्यारं, ओळंबा आणि थापी, तशीच ठेवलेली होती.

धनीबाईचे पाय जागीच थांबले. या बाईच्या कपाळावरची दुःखाची रेघ अजून ओली आहे, आणि आपण हातात सजावट घेऊन आलोय? काय म्हणायचं? हे घे आणि नाताळ कर? ती तशीच मागे वळली. मोतीनं मान वर केली नाही, तिला दिसलंही नसेल.

घरी आल्यावर आशानं तिच्या हातातला सांगाडा बघितला. "आई, दिला नाहीस?"

"कशी देऊ?" धनीबाई चिडून म्हणाली. "तिच्या घरी दुःख आहे. अशात चांदणी कुठल्या तोंडानं न्यायची?"

हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. याच ओट्यावर, याच जागी, दानियलच्या तोंडून. शब्द जवळपास तेच. तेव्हा तो बहाणा होता. आज तिच्या स्वतःच्या तोंडातून निघाला तेव्हा तो खरा होता, अगदी पोटातून आलेला. म्हणजे तेव्हाही खराच होता. मोतीही अशीच कुंपणापर्यंत आली असेल, नसेल, पण तिचे पाय असेच अडखळले असणार. आणि आपण त्या अडखळण्याला माज समजून चिंधाच्या कामट्या जाळल्या, दानियलला पाण्यावाचून परत पाठवलं, आणि एवढ्या दुपारी फुकट घालवल्या. "मी मूर्ख गं, आशा," ती म्हणाली. सासूच्या तोंडून असलं काही आशानं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं पाणी आणून दिलं. धनीबाईनं ते न पिताच बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पुन्हा खाली गेली. या वेळी कुंपणाशी थांबली नाही. सरळ आत गेली आणि मोतीच्या पुढ्यात सांगाडा आणि पांढरा कागद ठेवला.

मोतीनं सांगाडा उचलला. बोटानं एकेक कामटी चाचपत गेली, आणि मग म्हणाली, "ही दाजीच्या हातची कामटी नाही."

"दाजी कुठून आणू? मी चिरली."

"दिसतंच आहे." मोतीनं एक चरचरीत कड दाखवली. "आणि दाजीनं ठेवलेल्या कामट्या? तो गेला तेव्हा चुलीवर होत्या. मी रोज बघायचे स्वयंपाक करताना."

धनीबाईला वाटलं होतं हे कधीच कुणाला सांगावं लागणार नाही. "त्या कामट्यांचीच चांदणी बांधली होती त्याच वर्षी," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. तुझी वाट बघत होते. तुझ्या घरावर तो लाल-हिरवा दिसला आणि मी ती चुलीत घातली."

मोती तिच्याकडे बघतच राहिली. "तू बांधली होतीस?" तिनं विचारलं. "त्या वर्षी? दुःखात?"

"हो."

"मग एक निरोप नाही धाडायचा?"

"तू येशील असं वाटलं."

"मला वाटलं तू बोलावशील." मोतीनं सांगाडा खाली ठेवला. "बाई, तो प्लास्टिकचा आणला तेव्हा मी दानियलशी भांडले होते. म्हटलं, तिला वाईट वाटेल. तो म्हणाला, मागायचं नाही असं तूच म्हणालीस, मग दुसरं काय आणू? पुढच्या वर्षी तुझ्याकडून आला तो जेवलाच नाही. काय झालं ते सांगितलंही नाही मला. नुसतं म्हणाला, बाई थकलीय."

धनीबाई खाली बसली. दानियलनं पाण्याचं सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं त्यानं तिची लाज झाकली होती, आणि ती त्याच्यावर रुसून बसली होती. "मी त्याला पाणी दिलं नाही, मोती," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. मोतीही रडली. दानियलसाठी, चिंधासाठी, आणि बाजारात भाजीच्या टोपलीत बघून घालवलेल्या त्या सगळ्या वर्षांसाठी. शेजारची कोंबडी सुपातले तांदूळ टिपत होती, तिला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं मोती उठली. चुलीवर खळ शिजवून आणली. दोघी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसल्या. मोतीनं पांढरा कागद उलगडला, बेतला आणि लावायला घेतला. हात तोच होता. आणि मग दोघींच्याही लक्षात आलं की काम भराभर होतंय. सोलायला केशरी कागद नव्हता. भिजवायचं नाही, थांबायचं नाही, नखानं उचलायचं नाही. नुसतं चिकटवायचं, आणि झालं. पाचातले चार पाय भरले तेव्हा सूर्य अजून माथ्यावरही आला नव्हता.

"विनोद उद्या येतोय," मोती म्हणाली. "तो लावेल वर."

"हं."

"बारडोलीला पत्र्याचं घर आहे त्याचं. बांबू नाही कुठं."

"हं," धनीबाई म्हणाली. विसरवाडीच्या दुकानात ती केशरी कागदाला नको म्हणाली होती. आणला असता, नुसता लावून सोलला असता, तर काय बिघडलं असतं?

पाचवा पाय भरला. मोतीनं शेवटची कड बोटानं दाबली. चांदणी वाकडी होती, पण कागद ताणून बसला होता, कुठं सुरकुती नाही. दोघी तिच्याकडे बघत बसल्या. आता उठायचं, एवढंच उरलं होतं.

मोतीनं मान तिरपी केली. "हा पहिला पाय वाकडा लागलाय," ती म्हणाली.

तो सरळ होता. धनीबाईला तो चांगला दिसत होता. मोतीनं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि नुकताच लावलेला पांढरा कागद भिजवायला घेतला.

"थांब, अजून भिजू दे," धनीबाई म्हणाली, आणि आपणही समोरच्या पायाची कड नखानं हळूच उचलायला लागली.